दाजींची तिसरी बाटली

"गाडी थांबीव," दाजी म्हणाले.

"आत्ताच थांबलो होतो की. ऊस तोच हाय, बांध तोच हाय."

"थांबीव म्हणतोय तर थांबीव, लबाडा!"

मी व्हॅन कडेला घेतली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सोनाक्काचे यजमान. हिंदुराव खराडे, वय सदुसष्ट. दार ढकलून ते उसात शिरले. आमच्या गावापासून मिरज पस्तीस किलोमीटर, आणि तेवढ्यात ही चौथी खेप. बाहेर आले तेव्हा पायजम्याची नाडी बांधायला हात चालत नव्हते. वळून गाडीत चढले तेव्हा मागच्या बाजूला तांबडा डाग दिसला. मी आयुष्यात कुठलीही गोष्ट आहे तेवढी सांगितलेली नाही, पण तो डाग रुपयाएवढाच होता.

"दाजी, रगात पडतंय."

"मूळव्याध हाय."

"किती दिस झालं?"

"तुझ्या बापाचं काय जातंय? गाडी चालीव. आणि दवाखान्यात एक शब्द काढलास तर तंगड्या मोडीन."

निघताना आक्कानं त्यांच्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या पाच-सहा घड्या कोंबल्या होत्या. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, तिथं गार वारं सोडतात, पायावर घ्यायला. तेव्हा मला पटलं होतं. खोटं कसं बोलायचं हे आमच्या घरात मी एकटाच शिकलो असं नाही.

दाजींचं आणि माझं वाकडं पंचेचाळीस वर्षांचं. लग्नाच्या बैठकीत मी खराड्यांच्या मंडळींना सांगितलं की आमची म्हैस एका वेळेला अठरा लिटर दूध देते आणि धार काढायला दोन गडी लागतात, एक दमला की दुसरा. मी सोळा वर्षांचा, तोंडाला आवर नव्हता. खराड्यांनी आंदणात तीच म्हैस मागून घेतली. म्हैस भाकड होती. त्या दिवसापासून दाजींनी मला येसबा या नावानं हाक मारली नाही. लबाड. पंक्तीत लबाड, पाहुण्यांत लबाड, माझ्या बापाच्या तिरडीशेजारीसुद्धा, "लबाडाला पुढं होऊ द्या."

त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. माझा धंदा कावीळ उतरवायचा. ओल्या काड्यांची माळ ओवायची आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक माळ वाढते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून पोटावर, आणि शेवटी पायांतून निघते. माळ निघाली, कावीळ निघाली. माळ वाढते का, तर काड्या वाळून आक्रसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. खुंटीला अडकवली असती तरी वाढली असती, पण खुंटीला कावीळ होत नाही. साधी कावीळ महिन्या-दीड महिन्यात आपली आपण जाते, आणि लोक मला कोंबडा आणून देतात. माझी एक माळ इतकी वाढली की मारुतीच्या देवळाला तीन वेढे बसले, असं मी सांगत असे. ऐकणारे कधी कधी चार म्हणायचे.

मग दाजी पिवळे झाले. आक्कानं मला बोलावलं. दाजी भिंतीकडं तोंड करून बसले, "घाल काय घालायचं ते, लबाडा," म्हणाले. मी माळ घातली, तोंडानं नेहमीची बडबड केली आणि जेवून परत आलो. माळ पायांतून निघाली तरी डोळे हळदीसारखेच. अंगाला खाज, लघवी चहासारखी. मी दुसरी माळ घातली. त्यात सहा आठवडे गेले. मग त्यांची मुलगी अलका आली. ती मिरजेला हायस्कुलात गणित शिकवते. तिनं बापाच्या गळ्यातली माळ हिसडून तोडली आणि त्यांना गाडीत घातलं.

पित्ताच्या नळीत गाठ होती आणि तिचे फुटवे यकृतात गेले होते. कापून काढायची वेळ राहिली नव्हती. दुर्बिणीतून नळीत जाळी बसवली, पित्ताला वाट करून दिली, पिवळेपणा उतरला. अलकानं डॉक्टरांना माझ्यासमोर विचारलं, "सहा आठवडे आधी आणलं असतं तर फरक पडला असता?"

"सांगता येत नाही," मुल्ला मॅडम म्हणाल्या.

अलका माझ्याकडं वळली. "मला येतं."

मग व्हरांड्यात तिनं मला शिक्षा सुनावली. "प्रत्येक खेपेला तुम्ही घेऊन यायचं, शेजारी बसायचं आणि घरी सोडायचं. बाबांच्या अंगात काय काय जातंय ते डोळ्यांनी बघायचं. आजारी पडायचं नाही, कारण सांगायचं नाही. तुमचं कुठलंही कारण मला पटणार नाही, मामा."

औषध काय देणार हे मुल्ला मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. बाई मळ्यात वाढलेली असावी. "आजोबा, दोन बाटल्या केमोच्या. त्या गाठीला सरळ झोडपतात. तिसरी इम्युनोथेरपीची. तुमच्या अंगात राखणीची कुत्री आहेत, पण चोरानं घरच्याच माणसाचं घोंगडं पांघरलंय, म्हणून ती भुंकत नाहीत. ही तिसरी बाटली ते घोंगडं ओढून काढते. दोन्ही मिळून दिलं तर एकट्या केमोपेक्षा थोडं जास्त लांबतं. रोग मुळासकट जाईल असं मी म्हणत नाही. रोखून धरायचा."

"आणि कुत्री मलाच चावली तर?" दाजींनी विचारलं.

"तेच सांगते. चवताळलेलं कुत्रं घरच्यालाही चावतं. आतडं, फुप्फुस, यकृत, कुठंही. जुलाब लागले, दम लागला, अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी फोन. रात्री-बेरात्री. घरी बसून सोसायचं नाही."

दाजींनी मान डोलावली होती. मी बघितलं होतं.

पहिल्या दिवशी तिन्ही बाटल्या, आठवड्यानं दोनच, मग मोकळीक, आणि एकविसाव्या दिवसानंतर पुन्हा पहिल्यापासून, असा तो फेरा. असे दोन फेरे झाले होते. उसापाशी गाडी थांबली त्या दिवशी तिसऱ्याचा पहिला दिवस होता.

वॉर्डात आवळे सिस्टर कागद घेऊन आल्या.

"भूक?"

"हाय."

"उलटी?"

"न्हाई."

"पोट?"

"झकास," दाजी म्हणाले, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

सिस्टर बाटली आणायला गेल्या. दाजी लगबगीनं संडासात गेले. ते गेल्यावर मी उठलो आणि त्यांच्या खुर्चीत बसलो. ती सलाईनची खुर्ची, मागं रेलणारी, पाय वर घेणारी. मी पायही वर घेतले.

दाजी आले. "ऊठ."

"न्हाई."

"ऊठ म्हणतोय!"

"आधी पोटाचं सांगा त्यास्नी. मग उठतो."

"सिस्टर! ह्या येड्याला उठवा."

आवळे सिस्टर बाटली घेऊन आल्या. "मामा, हे काय?"

"ह्यांना जुलाब लागलेत, सिस्टर. रक्ताचे. येताना चार वेळा गाडी थांबवली."

सिस्टर हसल्या. "मागच्या खेपेला तुम्ही सांगितलंत की तुमच्या विहिरीत मगर आहे आणि तिला रोज वाटीभर ताक लागतं. मी घरी पोरांना सांगितलं. पोरं आठ दिवस जेवताना ताक शिल्लक ठेवत होती. उठा आता."

"मगर न्हाई. पण हे खरं हाय."

"मूळव्याध हाय माझी," दाजी म्हणाले. "जुनी."

तेवढ्यात अलका डबा घेऊन आली. शाळेत जायच्या आधी ती डबा द्यायची. बाप भिंतीला धरून उभा आणि मामा खुर्चीत पाय पसरून, हे तिनं बघितलं. तिचा आवाज चढला नाही. वर्गातल्या टवाळ पोराशी बोलतात तसं ती बोलली, "मामा, उठा. इथं तुमची जत्रा भरवू नका."

"अलके, आईनं पिशवीत काय घातलंय बघ."

"उठा."

"बघ तर खरं!"

"माझ्या बापाचे सहा आठवडे खाल्लेत तुम्ही. आता आजचा दिवसही खाणार?"

बाजूच्या खुर्च्यांवरची माणसं बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं सलाईनचा हात सांभाळत मान वळवली. दाजींनी माझ्या बखोटीला धरून ओढलं. ओढताना ते एकदम थांबले, कंबरेत वाकले आणि पोट दाबून धरलं. मग पुन्हा सरळ झाले. मला वाटलं अलकानं ते पाहिलं. पण ती माझ्याकडंच बघत होती.

मुल्ला मॅडम गलका ऐकून आल्या. सगळे एकदम बोलायला लागले. दाजी म्हणाले, हा लबाड आहे, अख्ख्या तालुक्यात विचारा. सिस्टर म्हणाल्या, मॅडम, हे गोष्टी रचून सांगतात. अलका म्हणाली, डॉक्टर, यांचं काही ऐकू नका. खुर्चीतून मी म्हणालो, "तिघंही खरं बोलत्यात. पण रगात पडतंय."

मॅडमनी हात वर केला. "ते खोटे आहेत का खरे, हे ठरवत बसायला मला वेळ नाही. पोट तपासायला एक मिनिट लागतं. आजोबा, इकडं झोपा."

पडद्याआडच्या टेबलावर दाजींना झोपवलं. मॅडमनी पोटावर हात ठेवला, डावीकडं खाली दाबला. दाजी ओरडले नाहीत, पण टेबलाची कड त्यांनी अशी पकडली की नखं पांढरी झाली. अलकानं दरम्यान पिशवी उघडली होती. लुगड्याच्या घड्यांतली एक वाटेतच वापरलेली होती.

"बाबा," ती म्हणाली, एवढंच.

"दिवसातून किती वेळा?" मॅडमनी विचारलं.

दाजींनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"आजोबा, किती वेळा?"

"बारा. काल पंधरा."

"किती दिवस?"

"नऊ."

"नऊ दिवस! मी फोन नंबर दिला होता. का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं."

"अर्थात थांबवलं असतं!"

"मग रोग जाणार कुठनं?"

दाजी कोपरावर उठून बसले. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. पोरानं पहिला नंबर काढला की बापाच्या तोंडावर जे येतं ते होतं.

"मॅडम, तुम्ही शिकल्यासवरल्या. पण ह्यातलं तुम्हाला म्हाईत न्हाई. ह्यानं सांगितलंय." त्यांनी बोट माझ्याकडं केलं. "माळ घालताना सांगितलंय. दाजी, माळ उतरली की पोट चालू होतंय. पोट चाललं की समजायचं, रोग वाट धरून निघाला. त्याला आडवं जायचं न्हाई. आडवं गेलं की रोग आत बसतोय, मग बापजन्मी निघत न्हाई. माळ उतरली तवा काय झालं न्हाई. मी वाट बघत होतो. आता सुरू झालंय. हिला म्हणालो, सोने, येसबाचं खरं निघालं. ती रोज पहाटे धुणं धुतीया आणि देवाला हात जोडतीया. तुमच्या तिसऱ्या बाटलीनं जोर लावला, कबूल. म्हणून तर आज लावून घ्यायला आलोय. अजून एक लागली की सगळं बाहेर."

येसबा. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी खुर्चीतून उठलो. कुणी सांगितलं नव्हतं.

"दाजी, ते मी रचलेलं हाय."

"गप."

"आईच्यान रचलेलं हाय. वीस वर्षांपूर्वी गुऱ्हाळवाल्या बिरनाळ्याच्या सुनेला कावीळ झाली होती. मी सांगितलं उसाचा रस प्या. तिनं दिवसात अकरा ग्लास ढोसला. पोट बिघडलं. बिरनाळ्या काहिलीत रस ढवळायचा फावडा घेऊन माझ्या दारात. आता हा मला हाणणार म्हणून मी बोलून गेलो, अरे येड्या, तो रोग निघालाय, आडवा जाऊ नको. त्यानं फावडा खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गुळाची ढेप पाठवली. तवापासनं मी सगळ्यांना तेच सांगतो. कुणी भांडायला येत न्हाई म्हणून. त्यात काय सुदीक न्हाई, दाजी. तो रोग न्हाई निघत, तुमचं आतडं निघतंय."

दाजींनी माझ्याकडं नीट बघितलं. पंचेचाळीस वर्षं ज्यानं माझा एक शब्द खरा मानला नव्हता तो माणूस डोळे बारीक करून माझं तोंड वाचत होता. मग तो हसला.

"बघा. बघा कसा पलटला! बिरनाळ्याची सून बरी झाली का न्हाई?"

"ती आपोआप झाली."

"झाली न्हवं? मग! मॅडम, मी ह्याला वळखतो. हा खोटं कवा बोलतोय ते मला वासानं कळतंय. ह्यो आत्ता खोटं बोलतोय. माझा रोग निघाला तर उद्या तोंड कुठं लपवील? बाटली लावा तुम्ही."

अलकानं डबा खिडकीत ठेवला. "म्हणजे हेही तुमचंच," ती मला म्हणाली. मी मान हलवली. तिला रडता आलं असतं तर बरं झालं असतं. ती लुगड्याच्या घड्या परत पिशवीत भरायला लागली.

मॅडमनी ती बाटली परत पाठवली. दाजींना भरती केलं, आतड्यात दुर्बीण घालून बघितलं. आतून सोलल्यासारखं झालं होतं. राखणीची कुत्रीच चावली होती. ती आवरायला शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं. सुई लावायला सिस्टर पुढं झाल्या तेव्हा दाजींनी उशाचा स्टीलचा पेला मला फेकून मारला. भुवईवर तीन टाके पडले. मी लोकांना सात सांगतो.

"अजून दोन दिवस गेले असते तर आतडं फुटलं असतं," मॅडम अलकाला म्हणाल्या. "मग काही करता आलं नसतं."

जुलाब बाराव्या दिवशी बंद झाले. दाजी बाराव्या दिवशी रडले.

तिसरी बाटली पुन्हा कधीच लावली नाही, धोका होता. अंगात ताकद आल्यावर दोन बाटल्यांची केमो पुढं चालू झाली. गाठ काही महिने होती तिथं राहिली. दाजी त्यानंतर चौदा महिने जगले. स्वतःच्या पायानं मळ्यात जात, भाकरी खात आणि दारात येईल त्याला सांगत, "माळेनं काम केलं होतं. रोग निम्म्यावर आला होता. ह्या लबाडानं आडवं घातलं, नायतर आज मी मोकळा असतो." माझ्या माळेपायी खरोखर गेलेल्या सहा आठवड्यांचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्याबद्दल त्यांची माझ्याविषयी तक्रारच नव्हती.

त्याचा परिणाम असा की माझ्या दारात गर्दी वाढली. खुद्द मेहुण्यानं छातीठोकपणे सांगितलं म्हटल्यावर! पिवळ्या डोळ्यांची माणसं दोन-दोन तालुके ओलांडून यायची. मी सांगायचो, बाबांनो, हे थोतांड आहे, दवाखान्यात जा. ती म्हणायची, येसबा भाव खातोय. शेवटी मी सांगायला लागलो की देवीनं दृष्टान्त दिला, सोनोग्राफीचा कागद उशाला घेतल्याशिवाय आता माळ वाढत नाही. मग पटापट जायला लागली.

शेवटच्या आठवड्यात दाजींनी मला बोलावलं. खाटेवर नुसती हाडं होती, डोळे पुन्हा पिवळे. आक्का पायाशी, अलका उशाशी. कुणी मला बस म्हणालं नाही.

"एक सांग," दाजी म्हणाले. आवाज इतका बारीक की वाकावं लागलं. "दवाखान्यात त्या दिवशी तू खोटं बोललास न्हवं? रचलेलं हाय म्हणालास, ते."

अलकानं माझ्याकडं बघितलं. चौदा महिन्यांत ती माझ्याशी कामापुरतं बोलली होती, पण आता तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी विनवणी होती. खरं सांगा म्हणत होती का खोटं, ते मला आजही ठरवता येत नाही.

"होय दाजी," मी म्हणालो. "खोटं बोललो. तुमचा रोग निघत होता. मी जळलो तुमच्यावर."

"म्हाईत होतं," ते म्हणाले. "मी वळखलं होतं." आणि समाधानानं भिंतीकडं वळले. तिसऱ्या दिवशी गेले.

त्यांना वाटलं ते वाटलं. पण पायाशी आक्का बसली होती, आणि तिनंही ऐकलं होतं. बाराव्याला मी ताटावर बसलो तर तिनं माझं ताट उचललं. "माझ्या कुंकवाला आडवा गेलास," म्हणाली, पंक्तीसमोर. त्यानंतर तीन भाऊबिजा झाल्या. मी दर वर्षी आंघोळ करून, टोपी घालून तिच्या दारापर्यंत जातो. दार लावलेलं असतं. आत भांड्यांचा आवाज येतो. थोडा वेळ उभा राहतो आणि परत येतो.

यंदा अलका तिथंच होती. मागच्या दारानं बाहेर आली, माझ्यामागून वळणापर्यंत चालत आली.

"मामा," ती म्हणाली, "आईला सांगू का खरं काय झालं ते?"

"सांग की," मी म्हणालो. "पण मी सांगितलं असं म्हणू नको. मग पटायचं न्हाई."